जेवता जेवता अप्सरा नृत्य : सिएम रीपची एक संध्याकाळ आणि आईचा प्रश्न

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईबाबांना घेऊन कंबोडियाला जाऊन आले. अंकोरच्या देवळांवर सवडीने लिहीनच. हा धागा फक्त एका संध्याकाळीपुरता.

अंकोरजवळच्या सिएम रीप शहरात बऱ्याच मोठ्या उपाहारगृहांत रोज रात्री बुफे आणि अप्सरा नृत्य असा एकत्र कार्यक्रम असतो. आमच्या टुकटुकवाल्या दादांनी सुचवलं, म्हणून गेलो. माणशी १२ डॉलर. सहाला दारं उघडतात. लांबलचक टेबलं, बसमधून उतरणारे पर्यटकांचे जथे, एका भिंतीला पदार्थांच्या रांगा. साडेसातला समोरच्या रंगमंचावर नाच सुरू झाला तेव्हा बाबांच्या ताटात भात होता आणि मागच्या टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं चाललं होतं.

वर पाच मुली. मधली पांढऱ्या पोशाखात. एक पाय मागे वाकवून उचललेला, तळवा आभाळाकडे, आणि हाताची बोटं इतकी मागे वळलेली की आईने टेबलाखाली स्वतःचा पंजा तसा करून पाहिला. सकाळीच आम्ही अंकोर वाटच्या भिंतींवर तसेच मुकुट आणि तीच डौलदार बोटं दगडात पाहिली होती. आईने ताट बाजूला सरकवलं ते सरकवलंच. तासभर ती जेवली नाही. "समोर कुणी इतकं जीव ओतून नाचतंय, आणि मी चमचा कसा वाजवू?" असं म्हणाली. बाबांचं म्हणणं, त्यांनीच जेवायला बोलावलंय, मग जेवलो तर त्यात अपमान कसला?

घरी आल्यावरही हा वाद मिटलेला नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि हे नृत्य नीट, शांतपणे बघायचं असेल तर कुठे बघावं?

कोकणचा_नाखवा

छान धागा. मी तुमच्या बाबांच्या बाजूने.

आमच्याकडे जत्रेत दशावतार रात्रभर चालतो. देवळाच्या आवारात एकीकडे संकासुर नाचतोय, दुसरीकडे भजी तळली जातायत, पोरं मालवणी खाजं चघळत मांडी घालून बसलीयत. राजा रंगमंचावर आला की त्याच पोरांचं तोंड उघडं राहतं आणि खाजं हातातच राहतं. चांगला नाच माणसाचा घास आपोआप थांबवतो. तुमच्या आईंचा थांबला, म्हणजे नाच चांगला होता.

कटिसूत्र

नाखवा, दशावताराची उपमा इथे लागू पडत नाही असं मला वाटतं. दशावतार अंगणातच वाढला. ख्मेर, म्हणजे कंबोडियातलं, शास्त्रीय नृत्य राजवाड्यात आणि देवळात वाढलं. मी पंचवीस वर्षं भरतनाट्यम शिकते आणि शिकवते. २०१८ मध्ये तिथे एका नृत्यवर्गात आठवडाभर बसायला मिळालं, तेव्हा जे पाहिलं ते सांगते.

मुली सहा-सात वर्षांच्या असताना सुरुवात करतात, कारण त्या वयात सांधे लवचीक असतात. रोज सकाळी बोटं मागे दाबायची, कोपर उलट्या बाजूला वळवायचं, मांड्या उघडून बसायचं. हस्तमुद्रांना तिथे 'क्बाच' म्हणतात. पान, फूल, फळ अशी झाडाची वाढ केवळ हातांनी दाखवतात. आमच्या पताक-त्रिपताकाशी दुरून नातं वाटतं, पण चाल अगदी वेगळी. आम्ही पाय आपटून ताल दाखवतो, त्या जमिनीवरून तरंगल्यासारख्या सरकतात. घुंगरांचा आवाज नाही, तोल सांभाळण्यातच सगळी ताकद. मृण्मयीताईंनी लिहिलेला तो मागे उचललेला पाय म्हणजे उडण्याची खूण. तशा स्थितीत हसऱ्या चेहऱ्याने उभं राहणं किती कठीण आहे, ते एका पायावर मिनिटभर उभं राहून बघा.

भूमिका चार प्रकारच्या: नेआंग म्हणजे स्त्री, नेआयरोंग म्हणजे पुरुष, येआक म्हणजे राक्षस (आपला यक्ष), आणि स्वा म्हणजे वानर. पूर्वी सगळ्या भूमिका बायकाच करत. वानरांच्या उड्या पुरुषांकडे आल्या त्या विसाव्या शतकात. आणि तो घट्ट पोशाख? तो अंगावरच सुईदोऱ्याने शिवतात, दर प्रयोगाला. दोन बायका एका मुलीभोवती बसून तासनतास टाके घालतात. नंतर टाके उसवून तिला मोकळं करायचं. इतकं सगळं झाल्यावर ती रंगमंचावर येते आणि खाली काटेचमचे खणखणतात. माझा जीव तुटतो. मी आईंच्या बाजूने.

पोळीभाजी_डबा

मृण्मयीताई, आईंना माझा नमस्कार सांगा. पण बाबांच्या ताटात भाताबरोबर काय होतं ते लिहायचं राहिलं. इथे रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि मी उपाशीपोटी धागा वाचतोय.

मृण्मयी_ठाणे

@पोळीभाजी_डबा, अमोक होतं! नारळाच्या दुधात, 'क्रोएउंग' नावाच्या वाटणात मासा कालवतात आणि केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवतात. वाटणात गवती चहाचे दांडे, हळद, कुळिंजन आणि एका खडबडीत लिंबाची पानं. द्रोण उघडल्यावर येणारा वास म्हणजे थेट आजीच्या पानगीचा, फक्त मासळी घातलेला. 'लोक लाक' नावाचं परतलेलं मांस होतं, त्याच्याबरोबर लिंबाच्या रसात मीठ आणि कांपोतची मिरपूड कालवलेली. मिरीला ख्मेरमध्ये म्रेच म्हणतात, आपलं संस्कृत मरिच. आणि नोम बान्ह चोक! तांदळाच्या ताज्या शेवया, वर माशाची हिरवट आमटी. नाखवा, अगदी तुमचे शिरवळे, पण तिखट रसातले.

@कटिसूत्र, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. अंगावर शिवायची गोष्ट ऐकून ती दोन मिनिटं गप्प बसली.

शाकाहारी_वाटसरू

आम्ही मार्चमध्ये जातोय, सगळे शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत. अशा बुफेत काही मिळतं का?

मेकाँगकाठी

@शाकाहारी_वाटसरू, मिळतं, पण विचारून घ्यावं लागतं. मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं राजधानीत, फ्नॉम पेन्हमध्ये आहे. इथे भाजी परततानाही माशाचा रस किंवा 'प्राहोक' (आंबवलेली मासळी) घालतात, आणि घालणाऱ्याच्या लेखी ती भाजीच असते. त्यामुळे नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'न्याम बुओस' म्हणा, म्हणजे शाकाहारी खातो, ते लगेच समजतं. बुफेत सासूबाईंसाठी साधा भात, फळं, केळी घातलेला चिकट भात भरवशाचे. भोपळ्यात वाफवलेलं गोड दिसेल, फार सुंदर असतं, पण त्यात अंडं असतं. सिएम रीपमध्ये भारतीय खाणावळी भरपूर आहेत. तिथे जेवून नृत्याला गेलात तरी चालेल.

आता मूळ मुद्द्याबद्दल. कटिसूत्रताईंनी राजवाड्याचं लिहिलं ते बरोबर. पण मधल्या चार वर्षांत काय घडलं हे लक्षात घेतल्याशिवाय या बुफेचा न्याय करता येणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

१७ एप्रिल १९७५ ला पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेचं सैन्य फ्नॉम पेन्हमध्ये शिरलं आणि शहर रिकामं केलं. राजवाड्यातल्या नर्तकी, वादक, मुखवटे करणारे, सगळ्यांना शेतात राबायला पाठवलं. नाचणं म्हणजे जुन्या राजवटीचं पाप, त्यामुळे 'आपण नर्तकी होतो' हे लपवणाऱ्याच जगल्या. ७ जानेवारी १९७९ ला ती राजवट पडली तेव्हा दहातले नऊ कलाकार गेले होते असं इथले जुने लोक सांगतात. या परंपरेत लिहून ठेवलेलं जवळजवळ काहीच नव्हतं, नृत्य फक्त गुरूच्या अंगात होतं. गुरू गेला की नृत्य गेलं.

उरलेल्या काही जणी शहरात परतल्या. त्यांतल्या एक चिया सामी. लहानपणापासून राजवाड्यात वाढलेल्या. त्यांनी अनाथ मुलींना गोळा करून पुन्हा बोटं वळवायला शिकवली. आणि ऐका, त्या पोल पॉटच्या थोरल्या भावाच्या बायको. हा दीर लहानपणी त्यांच्याच घरी राहिलेला. त्याने जे संपवलं, ते वहिनीने १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत पोरींना शिकवलं. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेचे डोळे आजही त्यांचं नाव काढलं की भरतात.

त्यामुळे मला त्या बुफेच्या रंगमंचावर पाच मुली दिसल्या की आधी 'पाच जणी आहेत!' एवढंच वाटतं.

बखरवाचक

मेकाँगकाठी, अंगावर काटा आला.

थोडी भर. हजार वर्षं अखंड चालत आलेलं अप्सरा नृत्य असं सगळीकडे लिहिलेलं असतं, त्याचे दोन भाग वेगळे करायला हवेत. देवळात नर्तकी होत्या याचा पुरावा पक्का आहे. राजा सातव्या जयवर्मनने बांधलेल्या ता प्रोम देवळाच्या शिलालेखात ६१५ नर्तकींची नोंद आहे. प्रेआह खान देवळात तर नर्तकींच्या शिल्पांनी भरलेलं एक स्वतंत्र दालन आहे. पण आज रंगमंचावर 'अप्सरा' या नावाने जी रचना दिसते ती विसाव्या शतकातली, राणी कोसामाक यांनी बसवलेली. अंकोर वाटच्या भिंतीवरच्या आकृती बघून पोशाख आणि मुकुट घडवले. पहिली पांढरी अप्सरा म्हणजे त्यांची नात, राजकन्या बुप्फा देवी. त्या पुढे सांस्कृतिक मंत्रीही झाल्या, २०१९ मध्ये गेल्या.

म्हणजे मृण्मयीताई, तुम्हाला सकाळी दगडात आणि संध्याकाळी रंगमंचावर तीच बाई दिसली, ती एका राणीने मुद्दाम भिंतीवरून खाली उतरवली होती.

कटिसूत्र

@बखरवाचक +१. आणि त्यामुळे तिची किंमत कमी होत नाही. आमचं भरतनाट्यमही आजच्या रूपात १९३० च्या दशकातच रंगमंचावर आलं.

आणखी एक आठवलं. गुरुपूजेला ते 'संपेआह क्रू' म्हणतात. क्रू म्हणजे गुरू. ती पूजा गुरुवारी करतात. मुखवटे, मुकुट ओळीने मांडून फळं, उदबत्त्या, फुलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरी फोन करून सांगितलं, इथेही गुरुवार आहे!

बाभूळबन

जरा विषयांतर करतो. आम्ही पाहिलेल्या कार्यक्रमात पांढरा मुखवटा घातलेला मारुती एका मत्स्यकन्येच्या मागे मागे फिरत होता आणि शेवटी दोघांचं जमलं! आमच्या गटातले एक काका रोज भीमरूपी म्हणणारे. ते उठून बाहेरच गेले.

बखरवाचक

ती सुवर्णमच्छा, ख्मेर रामायणातली, म्हणजे रीआमकेरमधली. रावणाला तिथे क्रोंग रीप म्हणतात, ही त्याची मुलगी. सेतू बांधताना टाकलेले दगड रात्रीत नाहीसे होतात. हनुमान बुडी मारून बघतो तर मासे दगड पळवतायत आणि ही त्यांची म्होरकी. तो तिला पकडायला जातो आणि प्रेमात पडतो. त्यांचा मुलगा मच्छानु. आपल्याकडेही मकरध्वजाची गोष्ट आहेच, घामाचा थेंब मगरीने गिळला ती. तिकडे तीच नाळ प्रेमकथेतून जोडली गेली. काकांना सांगा, शेवटी मत्स्यकन्या वडिलांची आज्ञा मोडून रामाच्या कामाला लागते, दगड परत आणून देते. मारुतीने सेवाच केली.

बाभूळबन

काकांना तुमचा प्रतिसाद पाठवला. उत्तर आलं: "मग पुढच्या वेळी पूर्ण बघेन."

कोकणचा_नाखवा

मत्स्यकन्या आली म्हणजे माझा विषय आला. मासेमारीचं नृत्य कुणी पाहिलं का? मी मागच्या वर्षी पाहिलं. मुलगे बांबूची निमुळती, बुडाला उघडी टोपली पाण्यात दाबतात आणि वरच्या भोकातून हात घालून मासा काढतात. मुली सुपासारख्या उथळ टोपल्यांनी पाणी गाळतात. टोपली उचलताना मनगट कसं वळतं, मासा निसटला की माणूस कसा चरफडतो, सगळं खरं. नाचवणाऱ्याने कोळ्यांबरोबर दिवस काढले असणार. तोन्ले साप तळ्यावर गेलो तेव्हा कळलं, पावसाळ्यात मेकाँगचं पाणी चढलं की तिथली नदी उलट दिशेने वाहून तळं भरते. अख्खा देश त्या माशांवर जगतो. असल्या पाण्याच्या लोकांना मासेमारीचा नाच येणारच.

करवंट्यांचा नाचही मस्त. मुलंमुली हातातल्या करवंट्या एकमेकांच्या करवंट्यांवर आपटतात. आमच्याकडे टिपऱ्या, त्यांच्याकडे करवंट्या. त्या वेळी टेबलावरचे सगळे टाळ्या वाजवत होते, जेवतही होते, आणि नाचणारी पोरं त्यांच्याकडे बघून हसत होती. कटिसूत्रताई, तिथे तर चमचा वाजला तरी चालेल ना?

कटिसूत्र

नाखवा, तिथे मान्य. लोकनृत्याला अंगण हवंच. माझा जीव तुटतो तो पांढऱ्या अप्सरेपाशी.

समुद्रमंथन

चिपळूणकरांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. त्यांचं मोनी मेखला नावाचं फार जुनं नृत्य आहे. एका ऋषीकडे तीन शिष्य, दंव गोळा करायची पैज लागते. मेखला रात्रभर कापड गवतावर पसरून ठेवते, सकाळी पिळते आणि जिंकते. बक्षीस म्हणून तेजस्वी मणी मिळतो. तो मिळवायला परशू घेतलेला रीआम एसो तिच्यामागे धावतो. ती मणी उडवते ती वीज, तो परशू फेकतो तो गडगडाट, आणि मग पाऊस. पूर्वी पावसासाठीच्या पूजेत हे नाचत. परशू हातात असलेल्या या रामाला अभ्यासक आपल्या परशुरामाशी जोडतात. आम्ही ते बघत असताना बाहेर खरोखरच वीज कडाडली आणि अख्खं सभागृह एकदम शांत झालं. ताटं तशीच.

निळी_छत्री

मला मात्र वाईट अनुभव आला, तोही लिहिते म्हणजे चित्र पूर्ण होईल. आमच्या सहल कंपनीने जे ठिकाण ठरवलं होतं तिथे आम्हाला खांबामागची शेवटची रांग मिळाली. नृत्य चालू असताना पुढची माणसं उभी राहून मोबाईलचा दिवा पाडत चित्रीकरण करत होती. मध्येच एकाने आपल्या मुलाला रंगमंचाच्या कठड्यावर बसवलं. कार्यक्रम संपल्यावर फोटोसाठी सगळे वर घुसले. एका अप्सरेच्या मुकुटाला कुणाचा तरी हात लागला, तिने तो सावरला आणि पुन्हा हसून उभी राहिली. तिचं वय माझ्या लेकीएवढं, सतरा-अठरा. तो चेहरा मला अजून दिसतो. त्या गर्दीत आपलेही लोक होते. लाज वाटली.

मेकाँगकाठी

@निळी_छत्री, हे खरं आहे, आणि यावर आपण काही करू शकतो. दिवा पाडू नये. मुकुटाला, डोक्याला कधीच हात लावू नये, इथे डोकं पवित्र मानतात. फोटो हवा तर दोन्ही हात जोडून मान झुकवायची, त्या आनंदाने उभ्या राहतात. निघताना 'ऑर कुन' म्हणायचं. म्हणजे धन्यवाद, आणि त्यातला कुन म्हणजे आपला गुण.

कटिसूत्रताईंच्या मुद्द्यावर माझं मत सांगतो. यातल्या बऱ्याच मुली दिवसा शिकतात किंवा दुसरं काम करतात आणि संध्याकाळी नाचतात. मोठ्या सभागृहातला प्रयोग महिन्यातून एखादा, बुफे रोज. सराव रोज होतो तो बुफेमुळे. करोनाच्या दोन वर्षांत पर्यटक थांबले, तेव्हा ओळखीच्या दोन नर्तकी कपड्यांच्या कारखान्यात गेल्या. एक परत आली, दुसरीची बोटं आता वळत नाहीत म्हणते. तेव्हापासून बुफेला कुणी नावं ठेवली की मला राग येतो.

कटिसूत्र

मेकाँगकाठी, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझ्या दोन विद्यार्थिनींनी त्याच काळात नाच सोडला. तुमचं पटलं. बुफे बंद व्हावा असं माझं म्हणणं नाहीच. बघणाऱ्याने बघावं एवढंच.

उंबरठा

'नीट कुठे बघावं' हे राहून गेलं. फ्नॉम पेन्हला राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात कंबोडियन लिव्हिंग आर्ट्स ही संस्था संध्याकाळचे प्रयोग करत आली आहे. जेवण नाही, खुर्च्या मांडलेल्या, झाडांखाली. लोकनृत्य आणि शास्त्रीय दोन्ही. ही संस्था ज्यांनी सुरू केली ते आर्न चोर्न-पाँड स्वतः लहानपणी ख्मेर रूजच्या छावणीत बासरी वाजवत होते म्हणून वाचले. जाण्याआधी वेळापत्रक पाहून घ्या. सिएम रीपला फारे ही सर्कस आहे, ती शास्त्रीय नव्हे, पण बात्तांबांगच्या कलाशाळेत शिकलेली मुलं काम करतात. जरूर बघा.

आणि कुठेही बसलात तरी कडेला बसलेल्या वादकांकडे बघा. बांबूच्या पट्ट्यांचा रोनीआत, गोलाकार मांडलेल्या घंटा, सनईसारखा स्रालाय, आणि सांफो नावाचा दोन्ही बाजूंनी वाजणारा ढोल. ताल सांफोवाल्याच्या हातात. काही ठिकाणी ध्वनिमुद्रित संगीत लावतात. जिथे जिवंत वादक असतील तिथलंच तिकीट काढा.

शाकाहारी_वाटसरू

@उंबरठा, हे फार कामाचं. आम्ही फ्नॉम पेन्हला दोन रात्री आहोत, एक तिथेच घालवू.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईबाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला, चिया सामींपाशी आल्यावर मलाच थांबावं लागलं.

आई म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते: "सहाला दार उघडतं ना? मग सहाला जेवून घ्यायचं. साडेसातला ताट उचलायला सांगायचं, खुर्ची रंगमंचाकडे फिरवायची." बाबा म्हणाले, "आणि अमोक?" आई म्हणाली, "अमोक आधी."

बाबांनी मग एक गोष्ट सांगितली, जी त्या रात्री कुणालाच सांगितली नव्हती. आई आणि मी बाहेर टुकटुकमध्ये बसलो होतो तेव्हा ते परत आत गेले होते. आम्हाला वाटलं, छत्री विसरले. ते सांफोवाल्या आजोबांना हात जोडून आले होते. आजोबा त्या वेळी कोपऱ्यात बसून, त्याच बुफेतला भात जेवत होते.

पोळीभाजी_डबा

बाबांनाही नमस्कार.